नातवंडांना पाहुणे करू नका

नमस्कार, श्रोतेहो.

एप्रिल सरत आला की आमच्या बाजूच्या घराघरांत एकच गडबड उडते. माळ्यावरच्या गोधड्या खाली येतात, उन्हात पडतात. विहिरीवरचा पंप तपासून घेतला जातो. जादाची ताटं-वाट्या घासूनपुसून ठेवल्या जातात. आणि एक दिवसाआड मुंबई-पुण्याला फोन जातो, "तिकिटं मिळाली का रे?" आमच्यासारख्या आज्यांचा खरा सण मे महिन्यात असतो.

आज मला त्या महिन्याबद्दलच बोलायचंय, आणि मुख्यतः माझ्या वयाच्या बायकांशी. सांगायचं आहे ते एवढंच, की नातवंडं आली म्हणजे त्यांना पाहुणे करू नका. त्यांना कामाला लावा. हे मी अगदी मनापासून सांगते. पोरांना लाडू द्या, आंबे द्या, मांडीवर घेऊन बसा, सगळं करा. पण हातात काही काम द्या. ज्या घरात आपण काही केलं, ते घर मुलांना आपलं वाटतं.

आमचं घर रत्नागिरी तालुक्यात, पावसहून पूर्णगडकडे जाताना लागतं. मुचकुंदीची खाडी जवळ, समुद्र त्याहून जवळ. नातवंडं तीन. थोरला आता मिसरूड फुटायच्या वयाचा, मधली नात सातवीत, आणि धाकटा दुसरीत. कोकण रेल्वेनं येतात. रत्नागिरी यायच्या जरा आधी करबुड्याचा बोगदा लागतो, साडेसहा किलोमीटरचा. गाडी त्यात शिरली की धाकटा आकडे मोजायला घेतो, आणि उजेड दिसला रे दिसला की डबाभर ओरडतो, "आजी आली!" हे मला सूनबाईंनी सांगितलं, तेव्हापासून गाडीची वेळ झाली की मी मनातल्या मनात त्या बोगद्यात असते.

रेल्वेचा सगळा मार्ग सुरू झाला १९९८ साली. माझ्या लहानपणी आमची मुंबईची आतेभावंडं यायची ती भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीनं. बोट बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि तिथून पडावात बसून माणसं किनाऱ्याला लागायची. रात्रभराच्या हेलकाव्यांनी पोरांचे चेहरे उतरलेले असायचे. माझी आजी त्यांना पेज द्यायची, जवळ घ्यायची, पाठीवरून हात फिरवायची, आणि संध्याकाळी प्रत्येकाच्या हातात एकेक तांब्या-कळशी द्यायची. "तुळशीला पाणी घाला, मग अबोलीला." ती भावंडं आता सत्तरीपुढे गेली, पण अंगणात आली की अजून आधी विहिरीकडे वळतात. मी जे करते ते तिच्याकडूनच उचललंय.

आता माझ्याकडे काय चालतं ते सांगते.

सकाळी मऊभात, वर मेतकूट आणि तूप, बाजूला भाजलेला पोह्याचा पापड. तो झाला की थोरला आजोबांबरोबर बागेत. आंबा काढणं हे ताकदीपेक्षा नजरेचं काम आहे. देठाजवळचे खांदे भरून वर आले का, देठाशी खळगा पडला का, हिरवा रंग जरा निवळला का, हे खालून बघायचं. चौदा आणे, म्हणजे सोळातले चौदा भाग, तयार असलेलाच आंबा काढायचा. पहिले दोन दिवस आजोबा बोट दाखवतात, तिसऱ्या दिवसापासून तो दाखवतो आणि आजोबा मान हलवतात किंवा नाही म्हणतात. आंबा काढायची जाळीची काठी म्हणजे झेला. आमचा दापोलीच्या कृषी विद्यापीठानं काढलेला, नूतन झेला. त्यानं आंबा देठासकट निघतो. देठ राहायलाच हवा, नाहीतर चीक फळावर ओघळतो, साल काळी पडते आणि आंबा आढीत, म्हणजे पिकायला घातलेल्या ढिगात, कुजायला लागतो. चीक हाताला, तोंडाला लागला तर कातडी भाजते. म्हणून झाडाखाली उभं राहायच्या आधी खोबरेल तेल चोळून घ्यायचं आणि वर बघताना तोंड मिटलेलं ठेवायचं. आमच्या घरात त्या तासाभरात कोणी बोलत नाही, याचं कारण ते!

मधल्या खोलीत पेंढ्यावर आढी लावलेली असते. ती चाळणं नातीकडे. रोज सकाळी एकेक फळ उचलायचं, नाकाशी न्यायचं, देठाशी अलगद दाबून बघायचं. पिकलेलं एकीकडे, आणखी दोन दिवसांचं दुसरीकडे, डागाळलेलं लगेच बाहेर. पहिल्या दिवशी ती प्रत्येक आंब्याबद्दल मला हाक मारते. आठवड्यानं मीच तिला विचारते, "आज रसाला किती निघतील गं?" आणि तिचा अंदाज चुकत नाही. २०१८ साली आपल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात रत्नागिरी आहे, हे तिनं कुठेसं वाचलं. तेव्हापासून मैत्रिणींसाठी भरलेल्या पेटीवर ती स्वतःच्या अक्षरात "रत्नागिरी हापूस" लिहिते आणि खाली आमच्या वाडीचं नाव घालते. वाडीचं नाव पेटीवर घालायचं, हे तिला कोणी सांगितलेलं नाही.

आता समुद्राचं. मुलं आली की त्यांचा पहिला प्रश्न असतो, "आजी, पाण्यात कधी जायचं?" त्याचं उत्तर मी देत नाही, त्यांना काढायला लावते. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघायची. तिथीची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ येते. म्हणजे पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार. पावणेचारच्या सुमाराला भरती, आणि त्याच्या सहा तास अलीकडे, पावणेदहाला, ओहोटी. अष्टमीला आठ पाऊणे सहा, सहाला भरती, बाराला ओहोटी. पौर्णिमा आणि अमावस्या दोन्ही पंधरा धरायच्या, म्हणजे सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण आमच्या किनाऱ्याला हे गणित पिढ्यान्पिढ्या पुरलंय. चंद्र रोज थोडा उशिरा उगवतो, तशी भरतीही रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते, म्हणून ते जमतं. पौर्णिमा-अमावस्येला उधाण, अष्टमीच्या आगेमागे भांग, पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही.

पाऊणकीचा पाढा मुलांना शाळेत नाही. मी शिकवला. धाकटा अजून बोटं मोडून मोजतो, पण एकदा सप्तमीला त्यानं "सव्वापाच" असं बरोबर सांगितलं आणि आम्ही सगळे संध्याकाळी किनाऱ्यावर बघायला गेलो. पाणी केवड्याच्या बनाच्या खालच्या दगडांपर्यंत आलं, तिथे घुटमळलं आणि मागे सरायला लागलं. त्या पोरानं माझा हात असा घट्ट धरला! आपण सांगितलं आणि समुद्रानं ऐकलं, असंच त्याला वाटलं असणार. दुसऱ्या दिवशी भरती सहाला आहे, हे त्यानं शेजारच्या तीन घरांत जाऊन सांगितलं.

इथे एक गोष्ट मी कळकळीनं सांगते. खाडीच्या मुखाशी ओहोटी लागलेली असताना पोराला पाण्यात उतरू देऊ नका. वरून पाणी शांत दिसतं, पण खालून ओढ असते आणि ती समुद्राकडे असते. मोठं माणूस बरोबर असल्याशिवाय नाही, गुडघ्याच्या वर नाही, आणि उधाणाच्या दिवसांत तर नाहीच. हा आमच्या घरातला नियम. तो मुंबईहून आलेल्या बापालाही लागू.

ओहोटी सकाळची असली की खाडीवर तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढायला जातो. चिखलात पाय रुतवायचा, टाचेला टणक लागलं की हात घालायचा. लहान निघाली तर परत टाकायची. घरी आणून तिसऱ्या पाण्यात ठेवायच्या म्हणजे रेती सोडतात, मग विळीवर एकशिपी करायच्या, म्हणजे उघडून मांस एकाच शिंपीत राखायचं. हे मात्र माझं काम, विळी मी मुलांच्या हातात देत नाही.

एका पहाटे आम्ही कशेळीच्या सड्याला, म्हणजे उघड्या कातळमाळाला, जातो. तिथे जांभ्यावर कोरलेला हत्ती आहे, अठरा-एक मीटर लांबीचा, आणि त्याच्या पोटात मासे, पक्षी, प्राणी. २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत कोकणातली ही कातळशिल्पं आली, त्यात कशेळीही आहे. हजारो वर्षांपूर्वी कोणीतरी याच उन्हात, याच वाऱ्यात बसून ते कोरलं. मुलं कडेकडेनं चालत जाऊन पावलांनी हत्ती मोजतात आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा येतो. सडा आठ-नऊच्या पुढे तापायला लागतो, तेव्हा तिथे जाल तर लवकर जा आणि पाणी बरोबर ठेवा.

ज्या दिवशी शिरवाळे करायचे, त्या दिवशी घरात कोणीच बसून राहत नाही. तांदळाच्या पिठाची उकड काढायची, मळून मुटके वळायचे, ते उकळत्या पाण्यात सोडायचे. मुटके वर तरंगले की लगेच लाकडी साच्यात घालायचे आणि गरम असतानाच दाबायचे. गार झाले की दाबले जात नाहीत. साचा दाबायला थोरला, खाली केळीचं पान धरायला धाकटा, आणि नात नारळाच्या रसात गूळ-वेलची ढवळत उभी. साच्यातून पांढऱ्या शेवया उतरायला लागल्या की धाकटा पान गोल गोल फिरवतो, म्हणजे चवड नीट पडते. कपाळावरून घाम गळतोय, वाफेनं डोळे चुरचुरतायत, आणि तिघंही एकाच वेळी मला सूचना देतायत. मला त्या वेळी जे वाटतं ते कुठल्याही देवदर्शनानं वाटलेलं नाही.

आमच्या शेजारच्या घरात एक माझ्याच वयाच्या बाई आहेत. त्यांची नातवंडं परदेशात, मे महिन्यात त्यांना सुट्टी नसते. मी त्यांना शिरवाळ्यांच्या दिवशी बोलावते, आणि पाहुणी म्हणून नाही, रस काढायला. नारळ खोवण्यात त्यांचा हात वाडीत कोणी धरणार नाही. गेल्या वर्षी नातीनं त्यांच्याकडून खोबरं काळी साल न येऊ देता कसं खोवायचं ते शिकून घेतलं. आता ती आल्या आल्या आधी त्यांच्या ओटीवर जाते. ऐकणाऱ्यांपैकी ज्यांची नातवंडं यंदा येणार नाहीत, त्यांना माझं सांगणं आहे, शेजारी कोणाची आली असतील तर जा. बोलावण्याची वाट बघू नका. पोरांना आजी जास्त झाली असं कधी होत नाही.

आणि सूनबायांनो, लेकींनो, पोरांचे कपडे चिकानं डागाळतील, पाय फुटतील, रंग उतरेल. काळजी करू नका. पायांच्या भेगांना कोकमाचं मुठेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं घट्ट तेल, आहे. मोबाइल मी कोणाचा काढून घेत नाही. तो आमच्या माजघरात नीट चालत नाही, आणि दुपारनंतर त्याची कोणाला आठवणही राहत नाही.

महिना संपता संपता कोकमं जोरात येतात. फळं फोडायची, बी आणि गर मीठ घालून आगळासाठी, म्हणजे खारवलेल्या रसासाठी, वेगळे काढायचे, साली त्या रसात बुडवून उन्हात वाळत घालायच्या. पुन्हा बुडवायच्या, पुन्हा वाळवायच्या, पाच-सहा वेळा तरी. म्हणजे काळीभोर, मऊ आमसुलं होतात. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस येतो, त्याच्या आत हे उरकायला लागतं. ढग दिसले की कोणीही हाक न मारता तिघं अंगणाकडे पळतात आणि सुपं आत घेतात. जाताना प्रत्येकाला आपापल्या आमसुलांचा डबा मिळतो, झाकणावर नाव लिहिलेला. मुंबईत सोलकढी कोणाच्या डब्यातली, यावरून म्हणे भांडणं होतात. फोनवर ती ऐकायला मला फार आवडतात.

तर श्रोतेहो, आज कॅलेंडरात तिथी बघून ठेवा. मुलं आली असतील तर त्यांना पाऊणकी शिकवा आणि उद्याच्या भरतीची वेळ काढायला सांगा. मग त्यांना घेऊन किनाऱ्यावर जा, आणि वेळ बरोबर आली की नाही ते त्यांनाच बघू द्या.

नमस्कार.