रडीचा डाव आणि चालू घड्याळ

(सोलापुरात उन्हाळी सुट्टीत मुले आणि पालकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मे महिन्यात आपल्या सोलापूरचा पारा ४२ च्या वर जातो, बाहेर पाय ठेववत नाही आणि दुपारभर घरोघरी मोबाइलवर बुद्धिबळ चालते. समोर माणूस दिसत नाही. त्यामुळे पटावर जे करायला लाज वाटली असती, ते पडद्यावर बिनदिक्कत होते. त्यातले सगळ्यात वाईट म्हणजे हरलेल्या डावात घड्याळ चालू ठेवून नुसते बसून राहणे.

१५+१० चा डाव घ्या, म्हणजे प्रत्येकाला १५ मिनिटे आणि दर चालीमागे आणखी १० सेकंद. समोरच्याचा वजीर गेलाय, त्याच्या घड्याळात ११ मिनिटे उरली आहेत. तो चाल करत नाही, डावही सोडत नाही. तुम्ही कंटाळून पाणी प्यायला उठता आणि त्याला तेच हवे असते. आठ सेकंद उरली की तो पटकन चाल करतो. आता पळते ते तुमचे घड्याळ. त्यात दोनच मिनिटे असतील आणि तुम्ही स्वयंपाकघरात रमलात, तर जिंकलेला डाव टाइमवर हरलात. म्हणून आवाज चालू ठेवा, पटासमोरून हलू नका. त्याच्या कोणत्या चालीला काय उत्तर द्यायचे, ते याच फुकटच्या वेळात ठरवून ठेवा. चॅटमध्ये एक अक्षरही लिहू नका. डाव संपल्यावर तक्रार नोंदवा. वारंवार असे करणाऱ्यांना संकेतस्थळे काही काळ खेळू देत नाहीत.

लाइट गेली, नेट तुटले, तर त्याला भ्याड म्हणू नका. लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर समोरचा खरोखर निघून गेला, तर थोड्या वेळाने विजय घेण्याचा किंवा बरोबरी देण्याचा पर्याय आपोआप येतो. पान उघडे ठेवून बसलेल्याच्या बाबतीत तो येत नाही. रडीचा डाव खेळणाऱ्याला हे पक्के ठाऊक असते.

समोरच्याचे रेटिंग, म्हणजे खेळाची ताकद सांगणारा आकडा, जास्त दिसले किंवा काळी मोहरी आली की पहिल्या चालीआधीच डाव रद्द करणे, हेही कच खाणेच. दर दोन चालींनी बरोबरी मागणे तर फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या नियमांतही प्रतिस्पर्ध्याला त्रास देण्यात मोडते.

पण टाइमवर जिंकणाऱ्याला नावे ठेवू नका. घड्याळ हा डावाचाच भाग आहे. ३+० मध्ये ४० चाली करायच्या तर एका चालीला साडेचार सेकंदच मिळतात. ते झेपत नसेल तर १०+५ खेळा. ४० चालींना १३ मिनिटे २० सेकंद मिळतील. शेवटी वेळ अगदी कमी असेल, तर मात करण्यामागे धावण्याआधी त्याचे उरलेले प्यादे मारा. तुमच्याकडे हत्ती आहे, त्याच्याकडे नुसता राजा, आणि तुमची वेळ संपली, तर बरोबरी होते. पण त्याचे एक प्यादे जरी पटावर असले, तरी तुम्ही हरता. त्याच आशेवर एकटा राजा आणि प्यादे घेऊन शेवटच्या सेकंदापर्यंत झुंजणाऱ्याचा मला आदर वाटतो; तो चाली करत असतो.

इंजिनाची, म्हणजे चाली सुचवणाऱ्या संगणक प्रोग्रामची, मदत घेणे मात्र सरळ चोरी आहे. साधी मारामारी असो की अवघड बलिदान, प्रत्येक चालीला सारखीच सहा-सात सेकंद लागत असतील, तर शंका घ्या. पण तेवढ्यावरून तोंडावर आरोप करू नका. तक्रार नोंदवा आणि पुढचा डाव लावा.