बोब्रुइस्कचा छापखाना

नमस्कार श्रोतेहो. झारच्या रशियातले तरुण ज्यू क्रांतिकारक म्हटलं की लोकांना पिस्तुलं आठवतात. आज ऐकूया शिशाच्या खिळ्यांबद्दल, म्हणजे छपाईच्या अक्षरांबद्दल.

ऑक्टोबर 1897, विल्ना शहर, म्हणजे आजचं लिथुआनियातलं विल्नियस. पोटमाळ्यावर तेरा जण जमले, त्यांत आठ कामगार, आणि ‘बुंद’ ही ज्यू कामगारांची संघटना उभी राहिली. उघड छपाईला बंदी, म्हणून पत्रकं चोरून निघायची. साधा मार्ग हेक्टोग्राफचा. उथळ ताटात जिलेटिन आणि ग्लिसरीन वितळवून ओतायचं, थिजलं की जांभळ्या अ‍ॅनिलिन शाईनं लिहिलेला कागद त्यावर पालथा दाबायचा. मग एकेक कोरा कागद ठेवून उचलायचा. पन्नासेक प्रती बऱ्या निघतात, पुढे अक्षर फिकं. उन्हाळ्यात थर पाघळतो. आणि ती शाई बोटांवरून जाता जात नाही, म्हणजे पोलिसांना आयता पुरावा!

जास्त प्रती हव्या तर खिळेच लागतात. ज्यू कामगारांची भाषा यिद्दिश, ती हिब्रू लिपीत, रशियनची लिपी वेगळी, म्हणजे खिळ्यांचे दोन संच. पेटी छोटी, पण उचलली की हमालाला शंका यावी इतकी जड.

बुंदचा असा छापखाना आजच्या बेलारूसमधल्या बोब्रुइस्कला होता. मार्च 1898 मध्ये मिन्स्कला रशियन सोशल डेमोक्रॅटिक कामगार पक्ष स्थापन झाला. बोल्शेविक पुढे यातूनच निघाले. नऊ प्रतिनिधी, त्यांतले तीन बुंदचे. पक्षाचा जाहीरनामा स्त्रुव्हे या मार्क्सवादी लेखकानं लिहिला आणि छापला कुठे? बोब्रुइस्कला, या ज्यू पोरांच्या यंत्रावर.

इकडे मॉस्कोच्या गुप्त पोलिसांचा प्रमुख झुबातोव्ह पाळत ठेवून होता. सुगावा लागला की झडप, ही नेहमीची रीत. झुबातोव्हनं घाई केली नाही. पुन्हा सांगतो, घाई केली नाही. कोण कुणाला भेटतं, गठ्ठा कुठे जातो, एवढंच बघा, अशी माणसांना ताकीद. महिने गेले. जुलैअखेर अनेक शहरांत एकदम छापे पडले, सत्तरच्या आसपास माणसं धरली गेली. क्रेमर, कोसोव्स्की, मुत्निक ही सगळी मध्यवर्ती समिती आत, आणि बोब्रुइस्कचा छापखानाही गेला.

तरी त्याच वर्षी कोव्हनोला, म्हणजे आजच्या लिथुआनियातल्या काउनासला, बुंदचं दुसरं अधिवेशन भरलं! कारण संघटना त्या तिघांच्या खिशात नव्हती. शिंपी, चांभार, ब्रशासाठी डुकराचे केस विंचरणारे, प्रत्येक धंद्याची स्वतःची संपवर्गणीची पेटी होती. (आमचं जुनं मत आहे, भाषणं कुणीही ठोकतो, वर्गणी वेळेवर गोळा करणारा तोच खरा कार्यकर्ता.) छाप्यांनंतरही या पेट्यांत पैसे पडत राहिले, आणि त्यांच्याच मंडळांतून नवी माणसं पुढे आली.