दुखण्याची गोळी सोडताना

(तुर्भे, एपीएमसीचा कांदा-बटाटा बाजार. पहाट. ट्रकला लावलेली फळी.)

रात्रभर प्रवास करून आलेले ट्रक इथे रिकामे होतात. पोतं पाठीवर घ्यायचं, फळीवरून उतरायचं, गाळ्यात टाकायचं, पुन्हा वर चढायचं. १९६९च्या कायद्याने माथाडी कामगारांच्या मजुरीला आणि सवलतींना आधार दिला. मणक्याची झीज कायद्याने थांबत नाही.

समजा, यांच्यातल्याच एकाची कंबर धरली. डॉक्टरांनी आठ दिवसांची गोळी लिहून दिली, गुण आला. आठ दिवस संपले, पण ट्रक यायचे थांबले नाहीत. मग रिकामी पट्टी दाखवून मेडिकलमधून तीच गोळी आणायची. आधी एक, मग दोन, मग चार. असं वर्ष निघून गेलं.

(पट्टीची मागची बाजू, अगदी जवळून.)

बारीक अक्षरं वाचा. पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम, हे सगळ्यांच्या ओळखीचं. शेजारी ट्रामाडॉल ३७.५ मिलिग्रॅम. हे ओपिऑइड आहे, म्हणजे मॉर्फिनच्या गोतातलं औषध. एप्रिल २०१८मध्ये केंद्र सरकारने ते अंमली पदार्थांच्या कायद्याखाली आणलं. चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही, आणि विक्रीची वेगळी नोंद दुकानदाराला तीन वर्षं जपावी लागते. ही सक्ती हवीच होती. पण "दादा, आता चिठ्ठीशिवाय नाही मिळणार" असं सांगून दुकानदार मोकळा होतो, आणि त्या रात्री काय होणार याची माणसाला कल्पनाही नसते.

जांभयांवर जांभया. नाक गळतं, डोळ्यांतून पाणी येतं. एका क्षणी घाम, दुसऱ्या क्षणी अंगावर काटा. पोटात कळ येऊन जुलाब. पाय एका जागी ठेववत नाहीत, सारखे झाडावेसे वाटतात. घरच्यांना वाटतं, व्हायरल असेल. त्रास साधारण शेवटच्या गोळीनंतर पहिल्या दिवसभरात सुरू होतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतो आणि बहुतेकांचा आठवडाभरात ओसरतो. झोप आणि मन ताळ्यावर यायला आणखी काही आठवडे जातात. ट्रामाडॉल मेंदूतल्या सेरोटोनिन या मनःस्थिती सांभाळणाऱ्या रसायनावरही काम करतं. म्हणून ते एकदम तोडलं, तर काहींना अंगात विजेचे झटके बसल्यासारखं होतं, भीती दाटून येते, क्वचित भासही होतात.

आणि कंबर? ती पूर्वीपेक्षा जास्त ठणकते. इथेच माणूस फसतो. "बघा, गोळीशिवाय माझं चालतच नाही," म्हणत पुन्हा पट्टी उघडतो. पण कंबरेबरोबर सगळे सांधे, पिंढऱ्या, हाडं दुखत असतील, सोबत जांभया आणि काटाही असेल, तर यातला बराच ठणका गोळी तुटल्याचा असतो. तो उतरतो. काही महिने रोज गोळी घेतली की मेंदू तिच्या हिशेबाने स्वतःला जुळवून घेतो. ती अचानक गेली की दबलेल्या नसा उसळतात.

यात त्या माणसाचं चारित्र्य बघायचं कारण नाही. खारघरच्या टाटा केंद्रात कॅन्सरच्या वेदनेसाठी मॉर्फिन घेणाऱ्या रुग्णाचं शरीरही असंच सरावतं. त्याला कोणी व्यसनी म्हणू नये, आणि त्याने घाबरून औषध बंद करू नये.

पाठीवर पोतं असताना ट्रकमधून कोणी उडी मारत नाही, फळीवरूनच उतरतो. गोळीही तशीच उतरवायची असते. वर्षाहून जास्त काळ घेतली असेल, तर डॉक्टर महिन्याला साधारण दहा टक्के इतक्या सावकाशीने डोस कमी करू शकतात. त्रास वाढला तर तिथेच थोडं थांबायचं. घाम-धडधडीसाठी क्लोनिडिन, गरज असेल तिथे ब्युप्रेनॉर्फिन ही औषधं आहेत, पण ती स्वतःहून घ्यायची नाहीत. गरोदर बाईने, किंवा पूर्वी फिट आलेल्या माणसाने, तर एक गोळीही स्वतःच्या मनाने कमी करू नये. घरी करता येतं ते साधं: जलसंजीवनी, पेज, मऊ भात, कोमट पाण्याची आंघोळ. आणि ट्रामाडॉल सुटेपर्यंत कंबरेसाठी फिजिओथेरपी सुरू व्हायलाच हवी, नाहीतर दुखणं जागेवरच राहील.

(ठाणे. मनोरुग्णालयाचा परिसर.)

"याला ठाण्याला पाठवा" ही थट्टा आपण पिढ्यान्‌पिढ्या केली. १९०१ सालच्या या रुग्णालयावर त्या थट्टेचा शिक्का बसला, आणि मानसोपचारतज्ज्ञाचं नाव काढलं तरी लोक मागे सरतात. गोळी सोडवण्याचं शिक्षण मात्र त्याच डॉक्टरांनी घेतलेलं असतं. आधी फोनवर बोलायचं असेल, तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन १४४१६ आणि व्यसनमुक्तीचा १४४४६ हे दोन्ही क्रमांक मोफत आहेत.

एक धोका घरच्यांनी नीट समजून घ्यावा. गोळी काही दिवस बंद राहिली की शरीराची सवय मोडते. मग कधीतरी जुन्याच डोसवर, त्यातही दारू किंवा झोपेच्या गोळीसोबत परत गेलं, तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. माणूस हलवूनही जागा होत नसेल, घोरल्यासारखा आवाज येत असेल, ओठ निळे पडले असतील, तर त्याला कुशीवर वळवा, १०८ला फोन करा आणि गोळीचं नाव सांगा. नॅलोक्सोनचं इंजेक्शन वेळेत मिळालं तर श्वास परत येतो. रुग्णालयात जाताना ती पट्टी सोबत घ्या.