आजीची टोपली बालवाडीत

श्रोतेहो, नमस्कार. लहान मुलाचे शिक्षण शाळा, घर आणि वस्ती यांनी मिळून करायचे असते, ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. दादरला शिशुविहार सुरू करणाऱ्या ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या आणि गरीब वस्तीतली मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत, असे दिसताच त्यांनी व अनुताई वाघ यांनी बालवाडीच त्या मुलांच्या अंगणात नेली. मूल येत नसेल, तर आपण त्याच्याकडे जायचे. पुन्हा सांगते, आपण त्याच्याकडे जायचे.

वरळी कोळीवाड्याजवळच्या एका बालवाडीत चार वर्षांचा एक मुलगा होता. वर्गात तो तोंडातून अक्षर काढत नसे. ताई तक्त्यावरचे सफरचंद दाखवीत, विमान दाखवीत. तो खाली मान घालून बसे. शेवटी एका संध्याकाळी ताई त्याच्या घरी गेल्या, तेव्हा हा मुलगा आजीशेजारी उकिडवा बसून सुक्या मासळीचे वाटे लावत होता आणि एखादा वाटा लहान दिसला, तर न सांगता त्यात भर घालत होता. ताईंनी आजीला वर्गात येण्याची विनंती केली. "माझ्या टोपलीचा वास येईल हो ताई," म्हणून ती संकोचली. पण बाजार उरकून एक दिवस आली. त्या दिवशी मीही तिथे होते. तिने वर्तमानपत्र पसरून त्यावर सुकी मासळी मांडली. ताईंनी चिमूटभर उचलून, "हा जवळा ना?" असे विचारताच मागून खणखणीत आवाज आला, "जवळा नाही, करदी! जवळा बारीक असतो." सगळा वर्ग वळून पाहू लागला. मग त्याने बोंबलांचे पाच-पाचांचे वाटे लावून दाखवले आणि इतर मुलांनी शिंपल्या घेऊन तसेच वाटे लावले.

वर्गीकरण, तुलना, मोजणी यांचाच पाया या वयात घालायचा असतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानून खेळातून शिकण्यावर आणि घरच्या भाषेवर भर दिला आहे. असे असताना बालवर्गाच्या प्रवेशासाठी अडीच-तीन वर्षांच्या मुलाची मुलाखत घेणे मला क्रूरपणाचे वाटते, आणि ते मी प्रत्येक व्यासपीठावरून सांगत राहीन.

पालक सभेला येत नाहीत, अशी शाळांची तक्रार असते. पण सकाळी अकराला सभा ठेवली, तर मासळी विकणारी, धुणीभांडी करणारी किंवा पाळीवर जाणारी आई येणार कशी? त्या बालवाडीने आता पालकसभा संध्याकाळी सातला, गल्लीतल्या समाजमंदिरात ठेवली आहे. आज्याही येतात. पुढच्या सभेत जाळी विणणारे एक आजोबा मुलांना गाठी मारायला शिकवणार आहेत.