आजारी कोण, हे आधी छापा

(भुसावळ येथे ख्रिस्ती मंडळ्यांच्या, म्हणजे चर्चच्या, वार्ताहरांसाठी झालेल्या एकदिवसीय शिबिरातील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

सगळ्यांना सलाम. पत्रिकेवर माझा विषय छापलाय ‘डिस्ट्रिक्टचं वार्तापत्र : नियोजन व मांडणी’. वेळ पाऊण तास. त्यातला बराचसा शाल आणि पुष्पगुच्छांत गेला, त्यामुळे नियोजनाचं काय होतं ते तुम्ही पाहतच आहात. मांडणीचं बघू.

समोर मेथॉडिस्ट पंथाचे थोडे दिसतायत, अलायन्स मिशनच्या आणि नंदुरबार-नवापूरकडच्या मंडळ्यांचे जास्त. म्हणून एक गोष्ट आधीच सांगतो. मेथॉडिस्टांचा डिस्ट्रिक्ट म्हणजे कलेक्टरचा जिल्हा नव्हे. पास्टोरेट म्हणजे एका पाळकाच्या हाताखालची मंडळी. असे पाच-पंचवीस पास्टोरेट मिळून एक डिस्ट्रिक्ट, त्यावर एक सुपरिटेंडेंट, आपण ज्याला ‘डी. एस.’ म्हणतो. असे अनेक डिस्ट्रिक्ट मिळून रिजनल कॉन्फरन्स आणि तिच्यावर बिशप. १९८१ मध्ये मेथॉडिस्ट चर्च इन इंडिया स्वायत्त झालं तेव्हाही ही उतरंड तशीच राहिली. आज तिच्याबद्दल बोलायचं कारण एवढंच, की बातमी गोळा करायची एक पद्धत तिच्या पायाशीच आहे. ती आपण सगळ्यांनी उचलावी, मंडळी कुठलीही असो.

आधी आपल्याकडच्या बातमीचा एक नमुना. ‘अमुक पास्टोरेटमध्ये कापणीचा सण मोठ्या उत्साहात व आनंदी वातावरणात साजरा करण्यात आला. याप्रसंगी व्यासपीठावर...’ आणि मग नऊ नावं. नंतर सूत्रसंचालन कोणी केलं, प्रास्ताविक कोणी केलं, आभार कोणी मानले. संपली बातमी. हसताय, म्हणजे लिहिलेली दिसते. (हशा) यात सण कुठंय? लिलावात काय काय आलं? गावरान कोंबडी कितीला गेली, आणि ती घेणाऱ्यानं परत लिलावात दिली का? लाल भोपळ्यावर कुणाकुणाची चढाओढ लागली? जमलेली रक्कम छपराच्या पत्र्याला जाणार की पाळकसाहेबांच्या थकलेल्या पगाराला? आणि सगळ्यांत महत्त्वाचं, दरवर्षी ज्वारीची पहिली पेंढी आणणारी बाई यंदा का आली नाही? वाचणाऱ्याला हे हवं असतं. व्यासपीठावर कोण बसलं होतं हे व्यासपीठावरच्यांना माहीत आहे, आणि अंकही तेच जपून ठेवतात.

आता इंग्लंडात ब्रिस्टलला जाऊ. साल १७४२. मेथॉडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लींच्या लोकांनी तिथं ‘न्यू रूम’ नावाची इमारत बांधली होती आणि डोक्यावर कर्ज होतं. सभेत कुणी म्हणालं, दर माणशी आठवड्याला एक पेनी द्या. दुसरा म्हणाला, बऱ्याच जणांना तेवढंही परवडत नाही. तेव्हा फॉय नावाचा एक कप्तान उठला. म्हणाला, माझ्याकडे अकरा जण द्या, सगळ्यांत गरीब द्या. मी दर आठवड्याला त्यांच्या घरी जातो. त्यांनी दिलं तर ठीक, नाही तर त्यांचं मी भरतो. मग इतरांनीही तसेच गट घेतले. बाराचा एक क्लास, त्याला एक क्लास-लीडर.

पुढे जे झालं ते कुणाच्या मनात नव्हतं. पेनी मागायला घरोघर गेलेल्या लीडरांना दिसायला लागलं, की अमक्याच्या घरी चूल पेटलेली नाही, तमका प्यायला लागलाय, तिसऱ्या घरी आई अंथरुणाला खिळलीय. ते येऊन वेस्लींना सांगायला लागले. वेस्लींनी ओळखलं, आपल्याला हवं होतं ते हेच. कर्ज फेडायला काढलेली वर्गणी आणि हाती लागली मंडळीची खबर. १७४३ मध्ये त्यांनी नियम छापले, त्यात लीडरचं काम लिहून ठेवलंय. आपल्या क्लासमधल्या प्रत्येकाला आठवड्यातून निदान एकदा भेटायचं, गरिबांसाठी जे मिळेल ते घ्यायचं आणि आठवड्यातून एकदा पाळकाला भेटून आजारी कोण आहे ते कळवायचं. बिशप कुठं येऊन गेले, हे कळवा असं त्या नियमात नाही.

घरोघर जाण्यात वेळ फार जायचा, काही ठिकाणी मालक लोक नोकराला भेटू देत नसत, आणि एकाबद्दल दुसऱ्याकडून ऐकलेलं समोरासमोर तपासता येत नसे. म्हणून पुढे क्लास एकत्र भरायला लागले. हजेरीच्या वह्या आल्या. त्या जुन्या वह्यांतली खुणांची पद्धत माझी फार लाडकी आहे. गैरहजर माणसापुढे नुसती फुली नाही. लांब राहतो म्हणून आला नाही तर एक अक्षर, आजारी असेल तर दुसरं, कामधंद्यात अडकला तर तिसरं, हयगय केली तर चौथं. कारण कळलंच नाही, तर त्यालाही वेगळं अक्षर. म्हणजे कारण कळलं नसेल तर ते शोधायचं बाकी आहे, हेही वहीच सांगणार.

खानदेशात ही वही कशी दिसेल? दिवाळीनंतर नवापूर, तळोदा, साक्रीकडची घरंच्या घरं ऊसतोडीला जातात, कुणी गुजरातेत तर कुणी पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांवर. त्यांच्यापुढे ‘ऊ’. इथं भुसावळात रविवारी सकाळी अर्धी बाकं रिकामी का, तर गाडीवर ड्यूटी, त्यांना ‘ड्यू’. दवाखाना ‘द’. लग्नाचं वऱ्हाड ‘व’. आणि कंटाळा आला असेल तर ‘कं’. ‘कं’ पाळकसाहेबांनी स्वतःच्या हातानं लिहावा, वार्ताहरानं नाही. त्याला त्याच गावात राहायचंय. (हशा) वहीत ‘ऊ’ वीस जणांपुढे लागला, की बातमी तयार झालीच : अमुक गावची वीस माणसं तोडीला गेली, कुठल्या कारखान्यावर, म्हातारी आणि पोरं मागे कुणाकडे, नाताळला परत येणार की नाही, तिकडे जवळ उपासना कुठं मिळेल. हे सगळं छापलं तर त्या कारखान्याजवळच्या मंडळीला आधीच कळतं की आपल्याकडे माणसं यायची आहेत.

जरा थांबतो आणि चुकांवर येतो. कारण वेस्ली हा भला माणूस चुकांपायी एकदा असा चिडला, की तो किस्सा सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. त्यांनी १७७८ मध्ये ‘आर्मिनियन मॅगझिन’ सुरू केलं. मासिक. त्यात प्रवचनं, पत्रं, प्रचारकांची चरित्रं, साध्यासुध्या माणसांचे अनुभव असायचे. छपाईची देखरेख थॉमस ऑलिव्हर्सकडे. हा मूळचा वेल्समधला चांभार, पुढे वेस्लींचा फिरता प्रचारक झाला. माणूस गुणी. लंडनच्या एका सिनेगॉगमध्ये यहुदी गायकाच्या तोंडून ऐकलेल्या चालीवर त्यानं लिहिलेलं स्तुतिगीत इंग्रजी मंडळ्या अजून गातात. पण गीत रचणारा माणूस मुद्रितं नीट तपासेलच असं नाही, हे जगातल्या सगळ्या संपादकांनी फळ्यावर लिहून ठेवावं. अंकामागून अंक चुकांनी भरलेले. वेस्ली स्वतः घोड्यावर, बग्गीत, गावोगाव फिरतायत, अंक हाती येतो तो छापून झाल्यावरच. १७८९ च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या ८६ व्या वर्षी, त्यांनी ऑलिव्हर्सला त्या कामावरून काढलं आणि रोजनिशीत दोनच कारणं नोंदवली. एक, छपाईच्या चुका बारा वर्षं सोसल्या, आता सोसवत नाहीत. दोन, मला न विचारता अंकात गद्य-पद्य मजकूर घातला जातो.

बारा वर्षं! आपल्याकडे पहिल्याच अंकात आडनाव चुकलं की माणसं वर्गणी बंद करतात. आणि ते दुसरं कारण बघा. संपादकाला न विचारता अंकात कविता शिरणं हा रोग १७८९ पासून आहे. नाताळ विशेषांक काढणाऱ्यांनी मान डोलवायला हरकत नाही. (हशा) पण पुढचंही सांगायला हवं. ऑलिव्हर्स १७९९ मध्ये वारला, तेव्हा त्याला लंडनमध्ये वेस्लींच्याच थडग्यात ठेवलं. कामावरून काढलं, माणसातून काढलं नाही. आपल्याकडे डी.टी.पी.वाल्याशी एकदा वाजलं की नाताळचा केकसुद्धा जात नाही त्याच्याकडे.

मराठीत ही परंपरा काही आजची नाही. अहमदनगरहून ‘ज्ञानोदय’ हे ख्रिस्ती नियतकालिक १८४२ मध्ये निघालं. नारायण वामन टिळकांसारखा कवी त्याच्या संपादनात राबला. म्हणजे आपण... हो, आली चिठ्ठी. ‘दहा मिनिटे. जेवण तयार आहे.’ बरं. ज्या विषयासाठी बोलावलंत तो आता भराभर सांगतो, लिहून घ्या.

पानं चारच्या पटीत. ए-थ्री कागद मधोमध दुमडला की ए-फोरची चार पानं होतात, म्हणून अंक चार, आठ किंवा बारा पानांचा. नऊ पानांचा मजकूर आला तर एक पान कापा. बारा करायला गेलात तर उरलेली तीन पानं शुभेच्छांच्या जाहिरातींनी भरतील आणि पुढच्या वेळी त्या जाहिरातदारांना नाही म्हणता येणार नाही. कागद ऐंशी जी.एस.एम. पुरे. त्याहून पातळ घेतला तर मागच्या पानाचा फोटो पुढे दिसतो.

क्रम असा ठेवा. पहिल्या पानावर आजारी, बाळंतीण, तोडीला गेलेले, परत आलेले. दुसऱ्यावर बाप्तिस्मे, दृढीकरण, लग्नं, ख्रिस्तवासी झालेले. मग महिला संघ, एम.वाय.एफ. म्हणजे तरुणांचा संघ, संडे स्कूल. पुढच्या तीन महिन्यांच्या तारखा : कन्व्हेन्शन, शुभ शुक्रवारी ख्रिस्ताच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर कोण बोलणार, ३१ डिसेंबरची वॉच-नाइट, म्हणजे वर्षअखेरची रात्रीची उपासना, किती वाजता. पाहुणे आणि सत्कार शेवटच्या पानावर, चार ओळींत.

आजाराच्या बातमीला घरच्यांची परवानगी हवीच. रोगाचं नाव छापू नका, दवाखान्याची खोली छापू नका. ‘अमुक गावचे अमुक, प्रार्थनेची विनंती, भेटायला चालेल’ किंवा ‘भेटायला नको’ एवढं बस्स. कर्ज, भांडण, सोडचिठ्ठी यांतलं काहीही नाही. ते लीडरनं पाळकाच्या कानावर घालायचं, अंकात नाही.

नावं रजिस्टरप्रमाणे, पूर्ण. नवापूर भागात एका गावात एकाच नावाचे चार गावित निघतात, म्हणून वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि गाव घातल्याशिवाय बातमी घ्यायची नाही. मृत्यूची बातमी ग्रुपवरून उचलायची नाही, घरी किंवा पाळकांना फोन करायचा. जिवंत माणसाला श्रद्धांजली वाहून झाल्यावर दिलगिरी कुठल्या पानावर छापणार?

तारीख लिहा आणि वारही लिहा. ‘येत्या रविवारी’ हे शब्द बंद. सूचनेचा फोटो ग्रुपवर पंधरा दिवस फिरत राहतो आणि दर आठवड्याला नवा ‘येता रविवार’ उगवतो. २५ डिसेंबर २०२५, गुरुवार, असं लिहिलं की वार आणि तारीख जुळतात का हे वाचणारासुद्धा तपासतो, आणि चूक असली तर फोन करतो.

बदल्या. मेथॉडिस्ट पाळकांच्या नेमणुका बिशप कॉन्फरन्समध्ये वाचून दाखवतात. त्याआधी एकही नाव छापू नका, कितीही खात्रीची खबर असो. यादी शेवटच्या रात्री बदलू शकते आणि ज्याचं नाव छापलं त्याचं सामान तोवर अर्धं बांधून झालेलं असतं. वाचन झाल्यावरच्या अंकात मात्र सगळ्या पास्टोरेटचे नवे पत्ते-फोन एका पानावर द्या. तेवढं पान लोक कापून भिंतीला लावतात.

फोटो ग्रुपवर साधा टाकलात की तो दाबून लहान होतो, छापल्यावर चेहरे पिठासारखे. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. एका फोटोत आठच्या वर माणसं नकोत, नावं डावीकडून, आणि फोटो काढल्या काढल्या लिहून घ्या.

जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, ‘ऱ्ह’ आणि ‘ॲ’ मोडतात, कधी ‘ळ’ चा ‘ल’ होतो आणि वळवी वलवी होतात. म्हणून मुद्रित दोघांनी तपासायचं. एकानं मूळ कागदावरून मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं छापील प्रतीवर बोट फिरवायचं. नावं आणि आकडे दुसऱ्यांदा, शेवटाकडून सुरुवातीकडे, म्हणजे डोळा सवयीनं पुढे पळत नाही. तरी चूक राहिलीच तर पुढच्या अंकात त्याच पानावर, त्याच जागी दुरुस्ती.

भाषा. बोलणाऱ्याचे शब्द अहिराणीत किंवा मावचीत असतील तर एखादं वाक्य तसंच राहू द्या. प्रत्येक म्हातारीच्या तोंडी ‘मला अत्यंत आनंद होत आहे’ घालू नका, ती तसं बोलत नाही.

नमुन्याचा फॉर्म दाराजवळच्या टेबलावर आहे. सहा रकाने : कोण, कुठलं गाव आणि पास्टोरेट, तारीख-वार, काय, कळवणाऱ्याचा फोन, घरच्यांची परवानगी आहे की नाही. शेवटचा रकाना रिकामा असेल तर फॉर्म परत येईल. दर महिन्याच्या वीस तारखेपर्यंत पाठवा, एकवीसला आलेला पुढच्या अंकात. नवापूर-साक्रीकडच्यांना दुपारची एस.टी. धरायचीय, त्यांना आधी जेवायला बसू द्या, प्रश्न आपण बाकीचे भाकरी खाता खाता घेऊ.