मागच्या बाकावरचा पाहुणा

(दृश्य: वर्गाचं दार. आतून पाढ्यांचा आवाज.)

तपासणीचा दिवस शाळेत पाऊल टाकताच कळतो. फळा लख्ख, तक्ते नवे, वह्यांना कव्हरं. साहेब मागच्या बाकावर बसले, की मुलांना आधीच येत असलेला धडा निघतो. हात भराभर वर. शेरेबहीत ‘समाधानकारक’, आणि गाडी पुढच्या शाळेकडे.

हे नाटक जुनं आहे. इंग्लंडमध्ये 1862 साली नियम आला: निरीक्षक एकेका मुलाचं वाचन, लेखन, गणित तपासणार आणि त्यावर शाळेचं अनुदान ठरणार. मग शिक्षकांनी तेवढंच घोकून घेतलं. स्वतः निरीक्षक असलेले कवी मॅथ्यू अरनॉल्ड आपल्या अहवालांतून या पद्धतीवर टीका करत राहिले. ती मोडीत निघायला 1890चं दशक उजाडलं.

मग देखरेख नकोच? असंही नाही. उदयपूर भागातल्या एकशिक्षकी शाळांत एक प्रयोग झाला. शिक्षकाने रोज शाळा भरताना आणि सुटताना मुलांसोबत फोटो काढायचा, पगार हजेरीवर. कॅमेरा नव्हता तिथे गैरहजेरी 42 टक्के, होता तिथे 21. मुलांचे गुणही वाढले. शिक्षक वर्गात आहेत का, हे कॅमेऱ्याला कळतं. वर्गात काय चाललंय, ते बसून पाहावं लागतं.

(दृश्य: वही, अगदी जवळून.)

52 वजा 27. उत्तर 35. बाजूला लाल फुली. पोराने आळस केलेला नाही. प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केलाय, अगदी शिस्तीत! नुसत्या फुल्या मोजणाऱ्याला हे दिसणार नाही. तास संपल्यावर शेजारी बसून पर्यवेक्षक विचारतात, “बाई, हे 35 कुठून आलं असेल?”

पाठाआधी बोलायचं, पाठ पाहायचा, मग पुन्हा बोलायचं, ही रीत हार्वर्डमध्ये मॉरिस कोगन यांनी 1950च्या दशकात घडवली. कागदावर सोपी. पण गोपनीय अहवाल लिहिणाऱ्यालाच ‘मला हे शिकवायला जमत नाही’ असं कोण सांगेल? सल्ला देणारा आणि शेरा मारणारा माणूस वेगळा असलेला बरा, असं आम्हाला वाटतं.

(दृश्य: दुसरा दिवस. टेबलावर काड्यांच्या जुड्या.)

बाई दहाची एक जुडी सोडतात. सुट्या काड्या बारा होतात. त्यातून सात काढायला तोच मुलगा पुढे येतो.