गोल झाला का? थांबा, बघून सांगतो

(इंदुरातल्या एका व्याख्यानमालेत केलेलं भाषण, थोडी काटछाट करून.)

क्रिकेटवीर सी. के. नायडूंच्या गावात फुटबॉलवर बोलायचं म्हणजे लग्नघरात उपासाचे पदार्थ मागण्यासारखं आहे. तरी संयोजकांनी विषय दिला, कारण मी पंधरा वर्षं शाळांच्या सामन्यांत शिट्टी फुंकली आहे. त्यांना वाटलं असणार, हा पंचांची बाजू घेईल. बघू या.

व्हीएआर, म्हणजे दूर खोलीत बसून व्हिडिओवर निर्णय तपासणारे पंच, हा आपला थर्ड अंपायरच की, असं कुणीतरी आत येतानाच मला म्हणालं. तसं नाही हो. क्रिकेटमध्ये दर चेंडूनंतर खेळ थांबतोच. त्या फटीत थर्ड अंपायर आरामात मावतो. फुटबॉलला ती फटच नाही. मार्च २०१८मध्ये व्हीएआर नियमात आला आणि त्याच वर्षी रशियातल्या वर्ल्ड कपमध्ये वापरला गेला. तेव्हा त्याला चारच ठिकाणी तोंड घालायची मुभा होती: गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि भलत्याच खेळाडूला दाखवलेलं कार्ड. तेही चूक ढळढळीत असेल तरच.

आता ढळढळीत म्हणजे किती? इथूनच भांडण सुरू होतं.

३० सप्टेंबर २०२३. टॉटनहॅम विरुद्ध लिव्हरपूल, आपल्याकडे रात्री दहाला. माझा भाचा लिव्हरपूल क्लबचा चाहता. लाल जर्सी घालून सोफ्याच्या कडेवर बसलेला. चौतिसाव्या मिनिटाला लुईस दियाझनं गोल केला, हा उडाला, तेवढ्यात लाइनमनचा झेंडा वर. ऑफसाइड, म्हणजे पास सुटताना दियाझ बचावफळीच्या पुढे होता. हा बसला. "मामा, चेक करतील." त्यांनी चेक केलं आणि त्यांना दिसलंही की दियाझ ऑनसाइड आहे. पण खोलीतल्या पंचांचा समज असा झाला की मैदानावर गोल दिलेलाच आहे. म्हणून त्यांनी कळवलं, तपासणी झाली, निर्णय बरोबर. मैदानावरच्या पंचाला वाटलं, ऑफसाइड बरोबर. खेळ सुरू झाला. काही सेकंदांत चूक लक्षात आली, पण खेळ पुन्हा सुरू झाला की मागे जाता येत नाही, हा नियम! पुढे त्या संभाषणाची ध्वनिफीत बाहेर आली. ऐकताना अंगावर काटा येतो. सगळी यंत्रं बरोबर चालली होती. दोन माणसं एकमेकांशी काय बोलतायत तेवढंच कळलं नाही.

लिव्हरपूल २-१ हरलं, तेही शेवटच्या क्षणी स्वतःच्याच गोलात बॉल घालून. बाराच्या सुमारास आम्ही सराफ्यातल्या खाऊगल्लीत गेलो. भुट्ट्याचा कीस गार झाला, पोराचं तोंड उघडेना. (भूक गेली असं नाही, माझ्या वाटचाही नंतर त्यानंच संपवला.)

दुसरी गोष्ट मिलिमीटरची. साधं गणित करू. कॅमेरा सेकंदाला पन्नास चित्रं घेतो, म्हणजे दोन चित्रांत वीस मिलिसेकंद. सेकंदाला आठ मीटर धावणारा खेळाडू तेवढ्यात सोळा सेंटिमीटर पुढे जातो. जवळजवळ वीतभर! पास नेमका कुठल्या चित्रात सुटला हे माणूस डोळ्यांनी ठरवणार, आणि त्यावर रेघा ओढून चपलेच्या अंगठ्याएवढा ऑफसाइड काढणार. कतारच्या वर्ल्ड कपमध्ये हे सुधारलं: बारा कॅमेरे, खेळाडूच्या अंगावरचे एकोणतीस बिंदू, आणि बॉलमध्ये सेकंदाला पाचशे नोंदी पाठवणारा सेन्सर. सौदी अरेबियाविरुद्ध अर्जेंटिनाचे पहिल्या हाफमध्ये तीन गोल ऑफसाइड म्हणून गेले. मोजमाप चोख होतं. पण प्रेक्षक विचारतो, हा नियम काय बाहीभर पुढे असलेल्याला पकडायला केला होता का?

आणि आनंदाचं काय? गोल झाला की माणूस शेजारच्या अनोळखी माणसालाही मिठी मारतो. आता तो आधी पंचाच्या कानातल्या इअरपीसकडे बघतो: बोट गेलं का तिकडे? मिठी उधारीवर. मंजुरी येईपर्यंत हात अर्धे वर.

जुनं सगळं सोन्याचं होतं असं मी म्हणत नाही. १९८६मध्ये माराडोनानं इंग्लंडविरुद्ध हातानं गोल केला. २०१०मध्ये इंग्लंडच्याच लॅम्पार्डचा बॉल रेषेच्या चांगला आत पडला आणि पंचांना दिसला नाही. इंग्लंडचे क्लबही हे विसरलेले नाहीत: जून २०२४मध्ये व्हीएआर काढायचा प्रस्ताव आला, तो १९ विरुद्ध १ असा पडला. काढायच्या बाजूनं एकटा वुल्व्हज क्लब. स्वीडननं मात्र तो आणलाच नाही. तिथे क्लब सभासदांच्या मालकीचे असल्यामुळे प्रेक्षकांचं म्हणणं थेट मतदानापर्यंत पोचतं. नॉर्वेत जुलै २०२४मध्ये व्हीएआरच्या निषेधात लोकांनी मैदानात चक्क माशाचे वडे फेकले, सामना सोडून द्यावा लागला. एवढं होऊनही मार्च २०२५मध्ये तिथल्या महासंघानं व्हीएआर ठेवलाच. वडे वाया गेले.

माझं म्हणणं एवढंच आहे की निर्णय चुकल्याचा राग जुनाच आहे. नवं हे आहे की राग कुणावर काढायचा ते कळत नाही. प्रीमियर लीगचे व्हीएआर पंच पश्चिम लंडनमध्ये स्टॉकली पार्कला एका खोलीत बसतात. मैदानातल्या पंचाला शिवी द्यावी तर तो नुसता कानाला हात लावून उभा. तोही बिचारा वाटच बघतोय.

महूला एका शालेय सामन्यात मी गोल दिला होता. बाजूची जाळी फाटकी, बॉल खांबाच्या बाहेरून जाळीत शिरला, आणि मी शिट्टी मारून मोकळा. गोलकीपर रडत माझ्यामागे धावला होता. आता तो पन्नाशीला आला आहे. राजवाड्यावर भेटला की आधी वाकून नमस्कार करतो, मग म्हणतो, "सर, बॉल बाहेरून गेला होता."

मी म्हणतो, "हो रे, बाहेरूनच गेला होता. चल, चहा घेऊ."